तठे डॉक्टर कसाले लागस?

धुळ्याच्या हिरे मेडिकलमध्ये अपघात विभागाबाहेरच्या बाकावर एक आबा बसले होते. नातू झाडावरून पडला होता, त्याला एक्सरेला आत नेलं होतं. माझ्या हातातली वही बघून त्यांनी विचारलं, ‘‘काय लिखी राहिनी वं पोरी?’’ मी सांगितलं, आबा, एक डॉक्टर आहे, तो अंतराळात जाणार आहे, त्याच्यावर लिहितेय. आबांनी टोपी सारखी केली, थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘तठे डॉक्टर कसाले लागस? तठे कोन आजारी पडस?’’

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘वेशीपलीकडे’ हा विषय दिला, तेव्हा डॉक्टर होऊन मग अंतराळवीर झालेल्या माणसाची वाट कशी असते ते लिहावं असं मी ठरवलं. खानदेशातून अजून कोणी अंतराळात गेलेलं नाही. मराठी डॉक्टर अंतराळवीरही अजून नाही. आपल्याला सगळ्यात जवळचं नाव म्हणजे डॉ. अनिल मेनन. वडील भारतातले, आई युक्रेनमधली, जन्म अमेरिकेत मिनियापोलिसचा. १ जुलै २०२५ रोजी नासाने जाहीर केलं, की जून २०२६ मध्ये बैकानूरहून सोयुझ यानातून मेनन अंतराळ स्थानकाकडे निघतील. सोबत प्योत्र दुब्रोव्ह आणि आना किकिना हे दोन रशियन अंतराळवीर असतील आणि मुक्काम आठेक महिन्यांचा असेल. ही बातमी मी जळगाव-धुळ्याच्या डॉक्टरांपुढे, विद्यार्थ्यांपुढे ठेवत फिरले. पण आबांच्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही. पुढचं सगळं त्याच्याच उत्तराच्या शोधात लिहिलं आहे.

डोस पाजणारं वर्ष

१९९९ साली हार्वर्डमधून न्यूरोबायॉलॉजीची पदवी घेतल्यावर मेनन थेट मेडिकलला गेले नाहीत. रोटरीची शिष्यवृत्ती घेऊन ते वर्षभर भारतात राहिले आणि पोलिओ लसीकरणाचा अभ्यास आणि त्या मोहिमेला मदत करत राहिले. पल्स पोलिओ सुरू होऊन तेव्हा चार-पाच वर्षंच झाली होती. ज्यांनी ते रविवार पाहिले आहेत त्यांना ते काम काय होतं ते सांगायला नको. बर्फाच्या पॅकांमध्ये ठेवलेल्या कुप्या, त्यांच्यावरच्या गोलातला पांढरा चौकोन (लसीला उष्णता लागली की तो काळवंडत जातो), बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण आणि दुसऱ्या दिवसापासून राहिलेल्या घरांची यादी घेऊन दारोदार फिरणं. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. एका कुपीची थंडी शेवटच्या पाड्यापर्यंत टिकवणाऱ्या हजारो माणसांचं हे यश आहे.

मेनन यांच्या कारकिर्दीतलं हे वर्ष बातम्यांमध्ये एका ओळीत उरकलं जातं. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण पुढची सगळी निवड त्याच धाटणीची दिसते. परत जाऊन त्यांनी स्टॅनफर्डमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी घेतली आणि २००६ मध्ये तिथूनच डॉक्टर झाले. शिक्षण पुढे नेलं ते आकस्मिक वैद्यक आणि अंतराळ वैद्यक या दोन शाखांत. हिमालयात एव्हरेस्टच्या गिर्यारोहकांवर उपचार केले. अफगाणिस्तानात लष्करासोबत राहिले. २०१० चा हैतीचा भूकंप झाला, तिथे गेले; २०१५ मध्ये नेपाळ हादरलं, तिथेही पोचले. हवाई दलात असताना अत्यवस्थ रुग्णांना विमानातून हलवण्याचं काम केलं, शंभराहून जास्त रुग्ण त्यांनी असे पोचवले. स्वतः विमान चालवायला शिकले, इतकं की आज ते इतरांना शिकवू शकतात.

ही यादी मी धुळ्यात एका निवासी डॉक्टरांना वाचून दाखवली. रात्रपाळी संपवून ते कॅन्टीनमध्ये पोहे खात होते. म्हणाले, ‘‘मॅडम, हा माणूस जिथे जिथे गेला तिथे एमआरआय नव्हता. लक्षात घ्या.’’

खाली बसून वरच्याला तपासणं

२०१४ मध्ये मेनन नासात फ्लाइट सर्जन म्हणून रुजू झाले. फ्लाइट सर्जन म्हणजे अंतराळवीराचा फॅमिली डॉक्टर समजा. फरक इतकाच, की पेशंट हाताला लागत नाही. निवडीच्या तपासण्यांपासून त्याचं काम सुरू होतं. प्रशिक्षणाच्या काळात तो मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत अंतराळवीरासोबत राहतो. यान वर गेलं की नियंत्रण कक्षात त्याची खुर्ची असते, आणि दर आठवड्याला तो आपल्या अंतराळवीराशी खासगीत बोलतो. त्या संभाषणात दुसरं कोणीही नसतं. झोप, पोट, डोकेदुखी, घरची चिंता, सगळं तिथे निघतं. परतीच्या दिवशी कझाकस्तानच्या माळावर यानाची कुपी उतरते, तेव्हा हेलिकॉप्टरमधून धावत जाणाऱ्या पहिल्या माणसांत हा डॉक्टर असतो. मेनन यांनी अशा तीन सोयुझ मोहिमांसाठी काम केलं. २०१८ मध्ये ते स्पेसएक्सचे पहिले फ्लाइट सर्जन झाले. मे २०२० मध्ये त्या कंपनीच्या यानातून पहिल्यांदा माणसं वर गेली, तेव्हा तिथली वैद्यकीय व्यवस्था त्यांनी उभी केलेली होती.

डिसेंबर २०२१ मध्ये नासाने बारा हजारांवर अर्जांमधून दहा जण निवडले, त्यांत मेनन होते. वय पंचेचाळीस. मार्च २०२४ मध्ये प्रशिक्षण पूर्ण झालं. त्यांच्या पत्नी आना मेनन सप्टेंबर २०२४ मध्ये पोलारिस डॉन या खासगी मोहिमेतून त्यांच्याआधीच अंतराळात जाऊन आल्या, आणि आता त्याही नासाच्या उमेदवार अंतराळवीर आहेत.

मानेतली गाठ

आता आबांचा प्रश्न. तिथे कोण आजारी पडतं?

अंतराळ स्थानक जमिनीपासून चारेकशे किलोमीटरवर फिरतं. जळगाव जंक्शनहून मुंबईचं रेल्वेचं अंतर याच्याच आसपास आहे. पण तिथे वजन जाणवत नाही, आणि त्याचा हिशेब शरीर लगेच मागायला लागतं. पायांकडे ओढलं जाणारं रक्त-पाणी वर चढतं, चेहरा सुजतो, पाय बारीक होतात. पहिले काही दिवस अनेकांना मळमळतं. भार न पडल्याने कमरेची आणि मांडीची हाडं महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजतात, म्हणून रोज दोन तास व्यायाम सक्तीचा असतो. काहींच्या डोळ्यांच्या मागच्या भागाला सूज येऊन नजर बदलते. निवडताना ठणठणीत असलेला माणूस तिथे जाऊन पेशंट होऊ शकतो.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण २०२० च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. लिहिणाऱ्यांमध्ये सेरेना ऑनयॉन-चान्सलर होत्या. त्या स्वतः डॉक्टर आणि अंतराळवीरही आहेत. एका मोहिमेला दोनेक महिने झाले होते. संशोधनाचा भाग म्हणून एक अंतराळवीर स्वतःच्या मानेवर सोनोग्राफीचा प्रोब फिरवत होता. जमिनीवरचे तज्ज्ञ पडद्यावर बघून, थोडं डावीकडे, थोडं दाबा, असं सांगत होते. मानेच्या डाव्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. त्रास काहीच नव्हता. पण ती सुटून फुप्फुसात गेली असती तर जीव गेला असता.

आता करायचं काय? रक्त पातळ करणारं इंजेक्शन स्थानकावर होतं, पण मोजकं. सिरिंजाही मोजक्याच होत्या. आणि उलटा धोका असा, की औषधामुळे रक्तस्राव सुरू झाला तर तो थांबवणारं औषध तिथे नव्हतं. वजनरहित अवस्थेत कुपीतून इंजेक्शन ओढणंही सोपं नसतं, कारण द्रव तळाशी बसत नाही, हवेचे बुडबुडे त्यात मिसळून जातात. जमिनीवरचे डॉक्टर स्टीफन मोल आणि सहकाऱ्यांनी डोस असा बेतला की पुढचं मालवाहू यान गोळ्या घेऊन येईपर्यंत साठा पुरेल. चाळीसेक दिवस इंजेक्शनं, मग गोळ्या. परतीच्या चार दिवस आधी औषध बंद केलं. उतरल्यावर तपासलं तेव्हा गुठळी शिरेच्या भिंतीला चिकटून सपाट झाली होती. दहा दिवसांत तीही विरघळली.

या हकिगतीत महागडं यंत्र नाही. एक सोनोग्राफी मशीन आहे, मोजका साठा आहे, दूरचा आवाज आहे आणि थंड डोक्याने केलेला हिशेब आहे.

पळासनेरचा सिलिंडर

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. इथल्या अपघात विभागाला या दोन रस्त्यांनीच घडवलं आहे. आग्रा रोडने उत्तरेला निघालं की शिरपूर, मग पळासनेर, मग बिजासनचा घाट आणि पलीकडे मध्य प्रदेश. या पट्ट्यात १०८ ची एक रुग्णवाहिका उभी होती. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या सुरुवातीला आली. गाडीत एक डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस, आणि एक पायलट, म्हणजे गाडी चालवणारे दादा.

डॉक्टर तिशीतले होते. पाळीवर आल्यावर ते गाडी कशी तपासतात ते त्यांनी मला मागे चढवून दाखवलं. सक्शन चालू करून बंद केलं. मॉनिटरची वायर ओढून बघितली. प्रसूतीचं किट सीलबंद आहे ना, मानेचा पट्टा जागेवर आहे ना, हे हात लावून पाहिलं. मग ऑक्सिजनकडे वळले. बी टाइपचा सिलिंडर. ‘‘काटा दीडशेवर असला की फुल्ल. म्हणजे साधारण दीड हजार लिटर. आता बघा, पंच्याहत्तरवर आहे. अर्धा. साडेसातशे लिटर.’’ डोक्याला मार लागलेला पेशंट, मास्कने मिनिटाला दहा लिटर. पंच्याहत्तर मिनिटं. ‘‘घाटातून धुळं गाठायचं तर वाटेतले ट्रक धरून दीड तास मोजायचा. म्हणजे हा पुरणार नाही. मग मी आधीच शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयाला फोन करून ठेवतो, तिथे सिलिंडर बदलतो, पेशंट तेवढ्यात बघून घेतात, आणि पुढे निघतो.’’ त्यांनी हे सगळं काट्याकडे बघत, तोंडी केलं. पायलट दादा बाहेरून म्हणाले, ‘‘आणि घाटात रेंज जाते, म्हणून फोन घाटाच्या अलीकडेच करायचा.’’

मी त्यांना मानेतल्या गुठळीची गोष्ट सांगितली. ते सिलिंडरची किल्ली हातात धरून ऐकत होते. सांगून झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘पुढचं मालवाहू यान किती दिवसांनी होतं?’’ गुठळी किती मोठी होती हे त्यांनी नंतर विचारलं.

मला वाटतं, अंतराळातल्या डॉक्टरला काय यावं लागतं ते या प्रश्नात आहे. सातपुड्यात गेलात की हे जास्तच कळतं. नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. धडगाव, तोरणमाळच्या पाड्यांवरून पावसाळ्यात बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रावरच्या डॉक्टरला सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या उरल्यात, कोणाला पुढे पाठवायचं आणि कोणाला पाठवलं तर वाटेतच दगावेल, हे दर पावसाळ्यात ठरवावं लागतं. आपल्याकडे या नेमणुकीकडे बंधपत्रातलं एक वर्ष काढायचं म्हणून बघतात. हे चुकीचं आहे असं माझं ठाम मत झालं. मेनन यांनी एव्हरेस्टवर आणि हैतीत जे शिकून घेतलं, ते शिकवणारी जागा आपल्याला घरबसल्या मिळालेली आहे, आणि आपण तिला शिक्षा समजतो.

शर्मांच्या शेजारी

आबांच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा निघाले, दुसऱ्या दिवशी सॅल्यूत-७ स्थानकावर पोचले. आठवडाभराच्या त्या मुक्कामातलं योगासनांचं प्रात्यक्षिक सगळ्यांना आठवतं. पण तिथे दार उघडून त्यांचं स्वागत करणाऱ्या तिघांत ओलेग आत्कोव्ह नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते, हे फारसं कोणी सांगत नाही. आत्कोव्ह फेब्रुवारीत गेले होते ते ऑक्टोबरमध्ये परतले. २३७ दिवस स्थानकावर एक डॉक्टर सहकाऱ्यांच्या हृदयाची सोनोग्राफी करत होता, नोंदी ठेवत होता.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, त्याच स्थानकावर डॉक्टर नव्हता. मोहिमेचे कमांडर व्लादिमीर वास्युतिन आजारी पडले, ताप आणि दुखणं आवरेना, आणि नोव्हेंबरमध्ये मोहीम अर्धवट सोडून सगळ्यांना परतावं लागलं. डॉक्टर असता तर ते बरे झाले असते, असं मी म्हणणार नाही. पण दोन वर्षांतला हा फरक डोळ्यांत भरतो.

अंतराळात गेलेला पहिला डॉक्टर बोरिस येगोरोव्ह, ऑक्टोबर १९६४. व्हॅलेरी पोल्याकोव्ह या डॉक्टरांनी १९९४-९५ मध्ये सलग ४३७ दिवस वर काढले. तो विक्रम आजही त्यांचाच आहे. उतरल्यावर ते कुपीपासून खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालले, मंगळावर पोचलेला माणूस उभा राहू शकतो हे दाखवण्यासाठी. अमेरिकेचे फ्रँक रुबियो डॉक्टरच. यानात गळती झाली म्हणून सहा महिन्यांचा मुक्काम ३७१ दिवसांवर गेला. कल्पना चावला यांच्या शेवटच्या उड्डाणात डेव्हिड ब्राउन आणि लॉरेल क्लार्क हे नौदलाचे दोन फ्लाइट सर्जन होते. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबियाच्या त्या सातही जणांचा अंत झाला. आणि २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर पोचले, तेव्हा एप्रिलपासून तिथे असलेले जॉनी किम हेही डॉक्टरच होते.

म्हणजे शर्मा, चावला, शुक्ला या तिघांच्याही वेळी शेजारी डॉक्टर होता. त्यांतला एकही भारतातून गेलेला नव्हता.

मॅथ्स सोडलं का?

जळगावला मेडिकलच्या मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. मेनन यांनी मेडिकलच्या पदवीआधी मेकॅनिकल केलं, हे ऐकून सगळे थबकत. हातात वैद्यकीय पदवी आणि यंत्राची समज, दोन्ही असलेला माणूस नासाला हवाच असणार. पण आपल्याकडे दहावीनंतरच घरात विचारतात, पीसीएम की पीसीबी? हुशार मुलगी पीसीएमबी घेते. मग नीटच्या क्लासचे सर सांगतात, मॅथ्स सोड, भूगोल घे, वेळ वाचेल. सोळाव्या वर्षी गणित सुटतं ते कायमचं. जळगावची एक शेवटच्या वर्षाची मुलगी म्हणाली, ‘‘मला फिजिक्स सगळ्यात जास्त आवडायचं. नीटनंतर ते पुस्तक मी उघडलंच नाही.’’ तिचे वडील यावल तालुक्यात केळी करतात. ठिबकचे वॉल्व्ह दुरुस्त करायला ती आजही बापाबरोबर बसते. तिला इंजिनिअरिंग येत नाही असं कोण म्हणेल?

तिने मला सरळ विचारलं, ‘‘इथून जायचं असेल तर वाट काय?’’ मी माहीत असलेलं सांगितलं. नासासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, त्यामुळे ती वाट बाजूला ठेव. भारतात एमबीबीएसनंतर लष्करी वैद्यकीय सेवेत जाता येतं. पुण्याचं एएफएमसी १९४८ पासून त्यासाठीच आहे, आणि बाहेरच्या कॉलेजातून झालेले डॉक्टरही सेवेत घेतले जातात. हवाई दलात गेलं की बेंगळुरूची अंतराळ वैद्यक संस्था आहे, १९५७ पासूनची. राकेश शर्मांच्या तपासण्या तिथेच झाल्या, आणि गगनयान या भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेसाठी निवडलेल्या चौघांच्याही. माणसाला गरगर फिरवून जोर किती सोसतो ते बघणारं यंत्र तिथे आहे. या विषयात तिथे एमडी करता येतं. गगनयानसाठी भारताचे फ्लाइट सर्जन फ्रान्समध्येही प्रशिक्षण घेऊन आले आहेत. म्हणजे भारतीय डॉक्टर नियंत्रण कक्षातल्या खुर्चीपर्यंत पोचला आहे.

‘‘आणि वर?’’

गगनयानसाठी २७ फेब्रुवारी २०२४ ला थुंब्यात जाहीर झालेली चार नावं, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला, चौघेही हवाई दलाचे वैमानिक. पहिल्या उड्डाणासाठी ते बरोबरच आहे. नवं यान कसं वागेल ते सांगायला कसोटी वैमानिकच हवा. सोव्हिएत आणि अमेरिकन लोकांनीही सुरुवात वैमानिकांपासूनच केली. पण इस्रोला स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं आहे, आणि पुढे चंद्रावर माणूस पाठवायचा आहे. अंतराळ स्थानकावरून पेशंट काही तासांत खाली आणता येतो. चंद्रावरून तीन दिवस लागतील. मंगळावरून प्रश्न विचारला तर तो पृथ्वीवर पोचायलाच, अंतरानुसार, तीन ते बावीस मिनिटं लागतात. तेव्हा मानेवर प्रोब फिरवताना, थोडं डावीकडे, असं सांगणारं खाली कोणी उपयोगाचं नाही. ज्याच्या हातात प्रोब त्यालाच कळलं पाहिजे. अंतराळवीरांना उड्डाणापूर्वी मिळणारं चाळीसेक तासांचं वैद्यकीय प्रशिक्षण तिथे पुरणार नाही.

म्हणून मला असं वाटतं, की इस्रोने पुढची तुकडी निवडताना वैमानिकांबरोबर डॉक्टरांसाठीही दार उघडावं, आणि निवड समितीने अर्जदाराचे गुण बघताना तो कुठे राबला हेही बघावं. पहिला भारतीय डॉक्टर अंतराळवीर हवाई दलातून येईल, तिथे शिस्तही आहे आणि प्रयोगशाळाही. दुसरा मात्र धडगावच्या आरोग्य केंद्रातून किंवा आग्रा रोडवरच्या अपघात विभागातून यायला हरकत नाही. यावलच्या त्या मुलीने फोन काढला, बेंगळुरूच्या संस्थेचं नाव टाइप केलं आणि मला विचारलं, प्रवेशासाठी वयाची अट काय आहे. आम्ही दोघी तिथेच बसून ती शोधत राहिलो.